पायगाडी आणि जमावबंदी

रस्त्यावरून एकटा जाणारा मनुष्य व रस्त्यावरून जाणारा जमाव ह्या दोहोंकडे कायदा निरनिराळ्या दृष्टीने पाहतो, ही गोष्ट वाचकांस नवी नाही. एकटा मनुष्य वाटसरू ठरतो; तोच पन्नास जणांबरोबर चालू लागला की त्या चालण्यास मिरवणूक म्हणतात, आणि मिरवणूक म्हटली की परवाना, मार्ग, वेळ व बंदोबस्त ही सारी मंडळी तिच्या मागोमाग येतात. पायी चालणाऱ्यांच्या बाबतीत हा भेद कोठे करावयाचा ह्याविषयी दीर्घ अनुभवाने काही संकेत ठरून गेले आहेत. सायकलीच्या बाबतीत मात्र ते अद्याप ठरावयाचे आहेत. पन्नास सायकलस्वार एका वेळी एका रस्त्याने निघाले तर त्यांस पन्नास वाहने म्हणावे, की एक मिरवणूक म्हणावे? वाहने म्हटली तर त्यांस कोणाच्या परवानगीचे कारण नाही. मिरवणूक म्हटली तर आहे. ह्या एका प्रश्नावरून सान फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क व लंडन ह्या शहरांत पोलीस आणि सायकलस्वार ह्यांच्यात खटके उडाले, अटका झाल्या, खटले चालले. आमच्या ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ह्या गावांतून रविवारी पहाटे जे तरुण टोळीटोळीने सायकलीवर बाहेर पडतात, त्यांच्यापुढेही तोच प्रश्न लहान रूपाने उभा असतो. त्याचे उत्तर त्याच्या इतिहासात शोधावे लागते, म्हणून तो इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्याकडे सायकल आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि आली ती साहेबाचे व श्रीमंताचे नवल म्हणून. तिला ‘पायगाडी’ हे सुबक नाव मिळाले, परंतु लोकांच्या तोंडी बसले ते ‘सायकल’ हेच. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानाने झाला, हे पुष्कळांस ठाऊक असेल. पुढील दोन पिढ्यांत ते नवल कारकून, शिक्षक, विद्यार्थी, टपालवाला व दूधवाला ह्यांच्या नित्याच्या वापरात येऊन पडले. आणि पुण्यासारख्या नगरात तर शाळा-कॉलेजांच्या व कचेऱ्यांच्या वेळी रस्ते सायकलींनी भरून वाहू लागले. नागर जीवनात इतकी गरीब, इतकी निमूट व इतकी उपयोगी वस्तू दुसरी क्वचितच आली असेल.

पोलिसांची व सायकलीची प्रथम ओळख झाली ती ह्याच काळात, आणि ती ओळख बहुतांशी घरगुती स्वरूपाची होती. रात्री दिवा नसणे, घंटी नसणे, पुढे दांड्यावर किंवा मागे कॅरिअरवर मित्रास बसवून ‘डबलसीट’ जाणे, नगरपालिकेचा कर भरून मिळणारा पत्र्याचा बिल्ला सायकलीस नसणे, एवढेच काय ते अपराध. त्यांस शिक्षा म्हणून किरकोळ दंड होई. आणि कित्येकदा दंडाचीही खटपट न करता शिपाई चाकातील हवा सोडून देई व स्वारास पायी घरी पाठवी. ह्या शेवटच्या शिक्षेस कोणत्याही कायद्याचा आधार नव्हता. तथापि ती इतकी सार्वत्रिक होती की तिच्याविरुद्ध तक्रार करावी असे कोणाच्या मनातही येत नसे. पुढे जे सांगावयाचे आहे त्याच्या दृष्टीने ही बारीकशी गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कायद्यात नसलेली शिक्षा शिपायाने द्यावी व स्वाराने ती हसत किंवा कुरकुरत सोसावी, असा एक व्यवहार प्रथमपासूनच रूढ झाला; आणि जेथे नियम अस्पष्ट असतो तेथे हाच व्यवहार राज्य करू लागतो.

हे सर्व अपराध एकेकट्या स्वाराचे होते, हेही लक्षात घेतले पाहिजे. सायकलींचा समुदाय म्हणून सरकारने दखल घ्यावी असे त्या काळी सहसा घडत नसे. १९२३ सालच्या १५ ऑक्टोबर रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवर बसून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदि हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ साली ती पुरी करून परतले. तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेप्रमाणे पाच किंवा अधिक माणसे बेकायदा हेतूने एकत्र आली म्हणजे बेकायदेशीर जमाव होत असे. हे सहाजण त्या संख्येच्या पुढे एकाने होतेच! परंतु त्यांचा हेतू उघड होता, त्यामुळे त्यांस जमाव म्हणण्याचे कोणाच्या स्वप्नातही आले नाही. १८६० च्या त्या कायद्याने संख्येबरोबर हेतूचीही अट घातली होती, हे त्यातील शहाणपण होय. पुढील पोलिसी कायद्यांत हे शहाणपण पातळ होत गेले.

ते कसे, हे पाहण्यास मिरवणुकीच्या कायद्याकडे वळले पाहिजे. १८५७ च्या बंडानंतर देशात पोलीसखात्याची नवी घडी बसविण्यात आली व १८६१ चा पोलीस कायदा झाला. मुंबई इलाख्याच्या जिल्ह्यांस १८९० चा जिल्हा पोलीस कायदा लागू झाला व मुंबई शहरास १९०२ चा स्वतंत्र कायदा मिळाला. ह्याच सुमारास, म्हणजे १८९३ च्या मुंबईतील दंग्यानंतर व सार्वजनिक गणेशोत्सवाच्या प्रसारानंतर, मिरवणूक कोणत्या रस्त्याने जावी, वाद्ये कोठे थांबवावीत, किती वाजता विसर्जन व्हावे ह्या गोष्टींवरून लोक व अधिकारी ह्यांच्यात वारंवार वाद होऊ लागले. पुढे १९३० च्या व १९४२ च्या चळवळींत प्रभातफेरी हेही सरकारच्या डोळ्यांत सलणारे प्रकरण झाले. पहाटे भजनासारखी गाणी म्हणत जाणारी वीस-पंचवीस माणसे. हाती शस्त्र नाही, तोंडी शिवी नाही. परंतु ती एकत्र चालत होती एवढे पुरेसे होते. परकीय सत्तेस प्रजेच्या पावलांचे भय नव्हते. पावले एका तालात पडू लागली म्हणजे मात्र ती दचकत असे.

स्वराज्य आल्यावर हा कायदा मुळापासून बदलेल अशी अपेक्षा करणे गैर नव्हते. प्रत्यक्षात १९५१ साली मुंबई पोलीस कायदा झाला, त्याने जिल्ह्याचे व शहराचे जुने कायदे एकत्र केले, आणि अधिकार जवळजवळ तसेच ठेवले. ‘महाराष्ट्र पोलीस अधिनियम’ हे नवे नाव धारण करून तोच कायदा आज आपल्यावर चालतो. त्यातील दोन कलमे आमच्या विषयाशी निगडित आहेत. तेहतिसाव्या कलमान्वये पोलीस अधिकाऱ्यांस रस्त्यावरील जमाव व मिरवणुका ह्यांचे नियमन करण्याचा, म्हणजे मिरवणुकीचा मार्ग, तिचा क्रम व तिची वेळ ठरवून देण्याचा अधिकार आहे. सदतिसाव्या कलमान्वये सार्वजनिक शांततेसाठी आवश्यक वाटल्यास जमाव किंवा मिरवणूक मुळातच मना करता येते. शासनाच्या मंजुरीवाचून असा मनाईहुकूम पंधरा दिवसांपेक्षा अधिक चालू नये, अशी मर्यादा कायद्यानेच घातली आहे. परंतु एक हुकूम संपला की दुसरा निघतो, असे मुंबई व ठाणे येथील आयुक्तालयांच्या हद्दीत वारंवार घडत आले आहे. ह्या हुकुमांत सामान्यतः लग्नसमारंभ, अंत्ययात्रा, शाळा, कचेऱ्या, कारखाने, चित्रपटगृहे इत्यादींस अपवाद असतो. पहाटे सायकलीवर निघालेल्या मित्रमंडळींचा उल्लेख त्या यादीत शोधून सापडावयाचा नाही. तात्पर्य, पाच मित्र सायकलीवर एकत्र निघाले तर अक्षरशः पाहता ते हुकुमाच्या कक्षेत येतात; त्यांस कोणी अडवीत नाही तो केवळ नाक्यावरील शिपायाचा समंजसपणा. नियमावर अवलंबून असलेले स्वातंत्र्य व समंजसपणावर अवलंबून असलेले स्वातंत्र्य ह्यांत जे अंतर आहे, तेच ह्या लेखाचे प्रयोजन होय.

सायकलस्वारांचे समुदाय व सत्ता ह्यांचा उघड संघर्ष पश्चिमेकडे आधी झाला, ह्याचे कारण तेथे सायकल आधी सार्वत्रिक झाली. इंग्लंडात १८९४ साली बर्मिंगहॅम येथे समाजवादी तरुणांनी ‘क्लॅरिअन’ नावाचा सायकल-मंडळ काढला. हे तरुण रविवारी खेडोपाडी जात व आपल्या मताची पत्रके वाटीत. जर्मनीत १८९६ साली कामगार सायकलस्वारांचा ‘सॉलिडॅरिटेट’ नावाचा संघ स्थापन झाला व पुढे त्याचे लाखो सभासद झाले. हिटलरच्या हाती सत्ता येताच १९३३ साली ज्या कामगारसंस्था मोडून टाकण्यात आल्या, त्यांत हा संघही होता. हॉलंडात १९६५ साली ‘प्रोव्हो’ नावाच्या तरुणांनी अ‍ॅम्स्टरडॅमच्या रस्त्यांवर पांढऱ्या रंगाच्या सायकली कोणीही वापराव्यात म्हणून बिनकुलपाच्या ठेवल्या. सायकल कुलपावाचून ठेवणे नियमाविरुद्ध आहे असे सांगून पोलिसांनी त्या उचलून नेल्या. ह्या तिन्ही उदाहरणांत सायकल ही केवळ वाहन नव्हती, तिच्यावर एक विचार स्वार झाला होता, हे खरे. म्हणूनच ती शासनकर्त्यांच्या नजरेत भरली.

ह्याहून आमच्या प्रश्नाशी जवळचे उदाहरण म्हणजे ‘क्रिटिकल मास’ ह्या नावाने प्रसिद्ध झालेल्या फेऱ्यांचे. १९९२ च्या सप्टेंबरात सान फ्रान्सिस्को शहरी महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी सायंकाळी काही सायकलस्वार एकत्र घरी निघाले, आणि ती प्रथा शेकडो शहरांत पसरली. तिला अध्यक्ष नाही, चिटणीस नाही, ठरीव मार्ग नाही. पोलिसांपुढे पेच पडला तो हाच, की परवाना मागण्यास ज्याला बोलवावे असा मनुष्यच सापडेना. १९९७ च्या जुलैत त्याच शहरी शंभरांहून अधिक स्वारांस अटक झाली. न्यूयॉर्क येथे २००४ च्या २७ ऑगस्ट रोजी, एका राजकीय पक्षाचे अधिवेशन भरण्याच्या तोंडावर, अडीचशेहून अधिक सायकलस्वार पकडले गेले. आणि २००७ साली तेथील पोलिसांनी असा नियम केला की पन्नास किंवा अधिक वाहने एकत्र जावयाची असल्यास मिरवणुकीचा परवाना घ्यावा. प्रश्नाचे उत्तर असे एका आकड्याने देण्यात आले. एकोणपन्नास म्हणजे वाटसरू, पन्नास म्हणजे मिरवणूक! त्या शहरास ह्या प्रकरणी २०१० साली ८३ सायकलस्वारांस एकूण ९ लाख ६५ हजार डॉलर देऊन तडजोड करावी लागली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

लंडनमध्ये उत्तर निराळ्या मार्गाने मिळाले. तेथे १९९४ पासून दरमहा टेम्सच्या दक्षिण तीरावरून अशीच फेरी निघत असे. १९८६ च्या सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कायद्यान्वये मिरवणुकीची सूचना पोलिसांस सहा दिवस आधी लेखी द्यावी लागते. मात्र जी मिरवणूक नेहमी किंवा रूढीने निघते तिला ही अट नाही. २००५ साली पोलिसांनी स्वारांस पत्रके देऊन बजावले की सूचनेवाचून निघालेली फेरी बेकायदेशीर आहे. वाद न्यायालयात गेला. वरिष्ठ न्यायालयात स्वार जिंकले, अपील न्यायालयात हरले, आणि अखेर २००८ च्या नोव्हेंबरात हाऊस ऑफ लॉर्ड्सने एकमताने निर्णय दिला की दरमहा ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, ठरल्या ठिकाणाहून निघणारी फेरी ही रूढ मिरवणूकच होय. मार्ग दर वेळी बदलतो एवढ्याने ती रूढी मोडत नाही. ह्या निर्णयातील मर्म असे, की लोकांनी नियमितपणे व शांतपणे चालविलेली प्रथा हीच त्यांच्या हक्काचा पुरावा ठरली.

आपल्या देशात असा निर्णय सायकलींच्या बाबतीत झाल्याचे दाखवावयास नको. कारण त्याहून व्यापक निर्णय झालेला आहे, आणि तो ज्या कायद्याखाली झाला तोच कायदा उल्हासनगरास लागू आहे. १९६९ च्या सप्टेंबरात अहमदाबादेस विद्यार्थ्यांच्या प्रश्नावर सार्वजनिक सभा भरविण्याची परवानगी पोलिसांनी नाकारली. गुजरातेतही तेव्हा १९५१ चा मुंबई पोलीस कायदाच चालत होता. हिम्मतलाल शहा विरुद्ध अहमदाबादचे पोलीस आयुक्त ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १९७२ साली सांगितले की रस्त्यावरील जमावाचे नियमन करण्याचा अधिकार शासनास आहे. परंतु कोणत्या कारणाने परवानगी द्यावी व कोणत्या कारणाने नाकारावी हे न सांगता सर्व काही अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा नियम टिकू शकत नाही. त्या नियमास न्यायालयाने रद्द ठरविले. तत्पूर्वी १९६१ साली नागपूरच्या बाबूलाल पराते प्रकरणात त्याच न्यायालयाने फौजदारी संहितेच्या १४४ व्या कलमाखालील मनाईहुकूम घटनेस धरून असल्याचे सांगितले होते, कारण तो अधिकार तातडीच्या प्रसंगासाठी आहे. दोन्ही निर्णय एकत्र वाचले म्हणजे सूत्र स्पष्ट होते: नियमन हा नित्याचा व्यवहार, मनाई हा आपत्तीतील उपाय. आपत्तीतील उपाय नित्याचा झाला की कायद्याचा तोल जातो.

आता आमच्या तीन गावांकडे येऊ. अंबरनाथाचे शिवालय शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळचे, १०६० सालचे. म्हणजे येथील वस्तीची परंपरा जुनी. परंतु गावांचे आजचे रूप रेल्वेने व कारखान्यांनी घडविले. कल्याणपर्यंत आगगाडी १८५४ साली आली व दोन वर्षांत ती बदलापुरावरून घाटाच्या पायथ्याकडे गेली. अंबरनाथास पुढे विम्कोचा आगकाड्यांचा कारखाना व संरक्षणखात्याचा दारूगोळ्याचा कारखाना निघाला. उल्हासनगर तर स्वातंत्र्याबरोबरच जन्मले: दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित येऊन राहिले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते त्या वसाहतीचे नामकरण झाले. पाच ‘कँप’ ही आठवण अजून तेथील पत्त्यांत जिवंत आहे. ज्या गावाचा पायाच लष्करी छावणीचा, त्याचे रस्ते बाजारपेठेच्या गर्दीसाठी आखलेले नसणार, हे उघड आहे. लोकसंख्या वाढली, दुकाने वाढली, मालमोटारी व रिक्षा वाढल्या. रस्ता मात्र त्या प्रमाणात रुंद झाला नाही.

कारखान्यांच्या गावांत सायकलींचा समुदाय हे कधीही नवल नव्हते. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे, आणि रस्ता त्यांचाच असे. अशा लोंढ्यास कोणी मिरवणूक म्हटले नाही, कारण त्यामागे पोटाचे कारण होते. पुढे मोटारसायकलींनी सायकलींस मागे सारले. आज ज्या टोळ्या पहाटे निघतात त्या आरोग्यासाठी, सोबतीसाठी व निसर्गासाठी निघतात. बदलापूर सोडले की बारवी धरणाची वाट, कोंडेश्वराची वाट, कर्जतकडे जाणारा रस्ता, एका अंगास डोंगरांची रांग व मध्ये उल्हास नदीचे खोरे. असा प्रदेश उशाशी असता तरुणांनी घरी निजून राहावे असे कोण म्हणेल? ज्या लोंढ्यास पोटाचे कारण होते तो निर्वेध जाई. ज्या टोळीस आनंदाचे कारण आहे तिला ‘कोठे निघालात? इतके जण कशाला?’ असा प्रश्न होतो. आनंद हे कारण पुरेसे नाही असे कायद्याने कोठेही म्हटलेले नाही. परंतु चौकीवरील वहिवाटीने ते म्हटले आहे.

ह्या वहिवाटीस एका प्रशासकीय फेरबदलाने बळ दिले. १९८१ साली ठाण्यास पोलीस आयुक्तालय झाले, आणि ही तिन्ही गावे त्याच्या कक्षेत, पुढे एका परिमंडळात, आली. जिल्ह्याच्या व्यवस्थेत पोलीस अधीक्षक मनाईहुकूम मागतो व जिल्हादंडाधिकारी तो देतो. मागणारा एक व देणारा दुसरा असल्यामुळे मध्ये विचारास थोडी जागा राहते. आयुक्तालयात मागणारा व देणारा हात एकच. ह्यात कोणा अधिकाऱ्याचा दोष नाही. मोठ्या शहरांच्या तातडीच्या गरजांसाठी ही पद्धती निघाली आहे. परंतु जेथे दोन हातांचे काम एका हाती येते तेथे त्या हाताने अधिक सावधपणे चालावे, ही अपेक्षा अनाठायी म्हणता येणार नाही. आणि गंमत अशी, की उल्हासनगराहून निघालेला स्वार बदलापूरच्या पुढे बारवीकडे वळला की आयुक्तालयाची हद्द संपून ठाणे ग्रामीण पोलिसांची सुरू होते. म्हणजे दोन तासांच्या फेरीत त्यास दोन राज्यव्यवस्था लागतात. पावसाळ्यात कोंडेश्वरासारख्या ठिकाणी बुडून मृत्यू होतात म्हणून पर्यटकांस बंदीचे हुकूम निघतात. त्यामागील हेतू प्राणरक्षणाचा आहे व तो आम्हांस मान्य आहे. मात्र धबधब्याखाली उतरणारा व रस्त्यावरून सायकलीने पुढे जाणारा ह्यांतील भेद हुकुमाने सांगितला नाही, तर तो भेद नाक्यावरील शिपायासच करावा लागतो.

संख्या व वाहन ह्यांचे हे नाते २०२० साली फारच स्पष्ट शब्दांत कागदावर उतरले. करोनाच्या साथीत टाळेबंदी सैल करताना राज्यशासनाने ३१ मे २०२० रोजी जो हुकूम काढला, त्यात पहाटे पाचपासून सायंकाळी सातपर्यंत मोकळ्या जागी व्यायामास मुभा दिली. सायकल चालविण्यास तर उत्तेजन दिले, कारण तीवर बसलेल्या दोघांत अंतर आपोआप राहते. आणि त्याच हुकुमाने समुदायाने व्यायाम करण्यास मनाई केली. साथीच्या दिवसांत हा हुकूम रास्तच होता. त्यावेळी अनेक घरांत सायकली नव्याने आल्या. साथ ओसरली, सायकली राहिल्या, टोळ्या जमल्या. परंतु समुदाय दिसताच हटकण्याची सवय मात्र साथीबरोबर ओसरत नसते.

येथवर आम्ही स्वारांची बाजू मांडली. पोलिसांची बाजू मांडल्यावाचून लेख एकांगी होईल. अरुंद रस्त्यावर तिघे-चौघे बरोबरीने गप्पा मारीत जाणारे स्वार, तांबडा दिवा असता संपूर्ण टोळी पुढे दामटणारा म्होरक्या, चित्रीकरणासाठी उलट बाजूने मोटारसायकल चालविणारा सोबती, आणि कोणा पुढाऱ्याच्या फलकासह निघालेली ‘आरोग्यफेरी’, हे सर्व आपण पाहतो. अपघात झाला म्हणजे प्रथम जाब विचारला जातो तो पोलिसांस. पहाटेच्या अंधारात मालमोटारींच्या रस्त्यावर चाळीस स्वार निघाले आहेत हे ठाण्यास ठाऊकही नसावे, ही स्थिती त्यांच्या दृष्टीने चिंतेची आहे. ती चिंता खरी मानली पाहिजे.

मग उपाय काय? आमच्या मते तो दूर शोधावयास नको. चालत्या समुदायाची शिस्त कशी असावी हे महाराष्ट्रास शतकानुशतके ठाऊक आहे. आषाढीस आळंदी व देहू येथून निघणाऱ्या पालख्यांबरोबर लक्षावधी माणसे चालतात. त्यांत दिंड्यांचा क्रम ठरलेला, मुक्काम ठरलेले, वेळ ठरलेली. वीणेकऱ्याचे स्थान ठरलेले, आणि चोपदाराने चोप उंचावला की हजारोंचा जमाव क्षणात निःशब्द होतो. मार्ग, क्रम व वेळ ही जी तीन पदे पोलीस कायद्याच्या तेहतिसाव्या कलमात आहेत, तीच वारकऱ्यांनी कोणत्याही कलमावाचून स्वतःस लावून घेतली. म्हणूनच वारीत पोलीस वाट करून देण्यास उभा असतो, अडविण्यास नव्हे. लंडनच्या न्यायमूर्तींनी ज्यास रूढ मिरवणूक म्हटले, तिचे याहून उत्तम उदाहरण जगात सापडणे कठीण.

सायकलमंडळांनी हा धडा घ्यावा. टोळीपुढे एक व टोळीमागे एक जबाबदार स्वार असावा, हेच त्यांचे चोपदार. अरुंद जागी एकामागे एक जावे. वीस-पंचवीसांहून अधिक असल्यास तुकड्या पाडून मध्ये अंतर ठेवावे. दिवा व घंटी ह्यांस कमीपणा मानू नये. निघण्यापूर्वी दिवस, वेळ व मार्ग ठाण्यास लिहून कळवावा. मात्र कळविणे व परवानगी मागणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. कळविणारा नागरिक आपला हक्क गृहीत धरून पोलिसांचे काम सोपे करतो. परवानगी मागणारा आपला हक्क दुसऱ्याच्या हाती देऊन तो परत मिळण्याची वाट पाहतो. सार्वजनिक रस्त्याने शांतपणे जाण्यास घटनेने नागरिकास मोकळीक दिली आहे; तिला कारण दाखवून मर्यादा घालता येते, कारणावाचून नाही. पोलिसांनीही मनाईहुकुमातील अपवादांच्या यादीत अशा कळविलेल्या फेऱ्यांस एक ओळ द्यावी. त्या एका ओळीने नाक्यावरील पुष्कळ वाद मिटतील.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून लेखणी ठेववत नाही. पहाटेच्या टोळीतील शिरस्त्राण घातलेल्या सुशिक्षित स्वारास पोलीस हटकतो तेव्हा तो कायद्याचे कलम विचारू शकतो. त्याच्या मागे मंडळ असते, ओळखी असतात. त्याच रस्त्याने त्याच वेळी पावाची पेटी मागे बांधून जाणारा, दुधाच्या बरण्या अडकविलेला, कारखान्याच्या पाळीस निघालेला स्वार एकटाच असतो. कलकत्ता शहरात पोलिसांनी २००८ साली ३८ रस्त्यांवर व २०१३ साली १७४ रस्त्यांवर सायकलींस मज्जाव केला. पुढे ती संख्या कमी करण्यात आली. परंतु मज्जावाचा खरा भार पडला तो मौजेखातर फिरणाऱ्यांवर नव्हे, तर दूधवाले, वर्तमानपत्रे टाकणारे व मजूर ह्यांच्यावर. आपल्याकडेही चाकातील हवा सोडून दिली जाई ती बहुधा अशाच माणसाच्या. म्हणून सायकलमंडळांनी आपल्या फेरीपुरता हक्क मागून स्वस्थ बसू नये. रस्त्यावर कोणास का अडविले ह्याचे कारण प्रत्येकास सांगितले गेले पाहिजे, कायद्यात नसलेली शिक्षा कोणासही दिली जाऊ नये, हा आग्रह त्यांनी धरावा. तो धरण्याचे शिक्षण व सवड त्यांच्यापाशी आहे, पाववाल्यापाशी नाही. त्या एकट्या स्वाराची वाट निर्वेध झाली, तर टोळीची वाट अडविण्यास फारसे निमित्त उरणार नाही.